गल्ल्यातले पैसे तुमचे नाहीत! छोट्या धंद्याचा हिशोब

नमस्कार मंडळी! घरगुती फराळाच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, "ताई, विक्री चांगली आहे, मग पैसा जातो कुठे?" आज त्यावरच बोलू.

आधी कागदपत्रं, पटकन. एकट्याचा धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप. पॅन तुमचंच चालतं. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर २०१७च्या कायद्यानुसार गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालाला वर्षाला ४० लाख, सेवेला २० लाख, आणि ही उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर आधी सीएला विचारा. आणि उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट आहे. फुकट! माझ्याकडून एका सेंटरवाल्याने त्याचे दीड हजार घेतले होते. अजून राग येतो. एका कमेंटमध्ये तीन हजार वाचले, म्हणून ओरडून सांगतेय.

आता मुद्द्याचं. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. त्यातून खर्च गेला की उरतो तो नफा. आणि मालकाने घरासाठी धंद्यातून काढलेला पैसा म्हणजे उचल. उचल हा खर्च नाही. ती तुमच्या भांडवलातून, म्हणजे धंद्यात घातलेल्या तुमच्या पैशातून, वजा होते. इथेच सगळे अडकतात.

समजा, महिन्याची चिवड्याची विक्री ६० हजार. पोहे, दाणे, तेल ३४ हजार, पॅकिंग ४, गॅस ३, मदतनीस ७. झाले ४८. नफा १२ हजार. पण महिनाभरात भाजी, क्लासची फी, रिचार्ज असं करत गल्ल्यातून १५ हजार गेले. म्हणजे भांडवलातले ३ हजार खाल्ले. पुढच्या महिन्यात दाणे उधारीवर आणावे लागतात ते यामुळे.

माझ्या बाबांचं स्टेशनरीचं दुकान होतं. आई भाजीला निघाली की बाबा गल्ला उघडून शंभराची नोट द्यायचे, आणि वहीत काही नाही. दिवाळीला चोपडीपूजनाच्या आदल्या रात्री हिशोब लावायला बसायचे आणि नेहमी रक्कम कमी भरायची. त्यांना वाटायचं दुकानातला पोरगा चोरतो. तो पोरगा काम सोडून गेला. ती गोष्ट मला आजही टोचते.

हेच उलट्या बाजूनेही होतं. पगाराचे १० हजार दुकानात घातले? ती विक्री नाही, ते भांडवल. गल्ल्यात टाकून विक्रीत धरले तर नफा खोटाच फुगतो.

आणि क्यूआर कोड! तुमच्या घरच्याच खात्याचा क्यूआर काउंटरवर लावलाय ना? मग चिवड्याचे २४० आणि भावाने पाठवलेले २४० वेगळे कसे काढणार? धंद्याचं खातं वेगळं उघडा. घरासाठी महिन्याला ठरावीक रक्कम त्यातून एकदाच घ्या आणि रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहा.

शेवटचा प्रश्न एका काकूंचा, "पाहुण्यांना आपलाच चिवडा दिला तर?" काकू, तीही उचलच. विक्रीच्या भावाने नाही, आपल्याला पडलेल्या किमतीने लिहायची. "चिवडा पाव किलो, घरी, ४५ रुपये." एवढी एक ओळ पुरे.

उधारीच्या वहीचं पुढच्या शुक्रवारी बघू.