सावंतवाडीचा राजवाडा: गंजिफांच्या घरातला मुक्काम

सावंतवाडी शहराच्या मधोमध मोती तलाव आहे आणि तलावासमोर, झाडांच्या आडोशाला, जांभ्या दगडाचा लालसर राजवाडा उभा आहे. सावंत-भोसले घराण्याची ही वास्तू तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतील, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातील. आज तिच्या आवारातील जुन्या वाड्यात मोजक्या खोल्यांचे एक हॉटेल चालते आणि ते राजघराण्याची सध्याची पिढीच चालवते. संस्थानी वास्तूंची हॉटेले आपल्या देशात पुष्कळ आहेत. झुंबरे, पूर्वजांची तैलचित्रे आणि भिंतीवरील वाघाचे मुंडके हा त्यांचा ठरलेला थाट. येथील खोल्यांची सजावट मात्र तळहातावर मावणाऱ्या गोल पत्त्यांवरून घेतलेली आहे. ते पत्ते म्हणजे गंजिफा, आणि ती कला आज जिवंत आहे याचे बरेचसे श्रेय याच घराला जाते.

तिसरे खेमसावंत विद्याव्यासंगी म्हणून ओळखले जात. १७६३ साली जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, त्या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला, आणि त्या किताबाच्या मत्सरातून कोल्हापूरकरांनी वाडीवर स्वारीही केली. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी दरबारात येणाऱ्या तेलंगणातील ब्राह्मणांकडून त्यांना गंजिफांची ओळख झाली, असे सांगितले जाते. पुढे गावातील चितारी कुटुंबे हे पत्ते घडवू लागली.

खेळ मुळात दरबारी होता. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. हिंदू परंपरेने त्या चौकटीत आपली दैवते बसवली आणि दशावतारी गंजिफा तयार झाला. त्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वराहाची शंख, नरसिंहाची चक्र, वामनाची कमंडलू आणि परशुरामाची परशू. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे खेळणाऱ्याला सतत सावध राहावे लागते. खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने. मनोरंजनाच्या निमित्ताने देवाचे नाव ओठी यावे, ही सोय पूर्वजांनी मोठ्या चातुर्याने केली होती, असेच म्हणावे लागेल.

पान घडवण्याची रीत चिकाटीची परीक्षा पाहणारी आहे. कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून ताठ करायचे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, पृष्ठभाग दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, गोल चकत्या कापायच्या, आणि मग बारीक कुंचल्याने रंगकाम करून लाखेचे आवरण चढवायचे. श्रीमंतांसाठी हस्तिदंती पानेही बनत; सामान्यांच्या हाती कापडाची आणि कागदाची पाने असत.

यंत्रावर छापलेले स्वस्त चौकोनी पत्ते बाजारात आले आणि या कलेचा पायाच खचला. बावन्न पानांचा कॅट काही आण्यांत मिळत असताना हाताने रंगवलेल्या १२० पानांचा संच कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ उरले नव्हते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या गोष्टीत लक्ष घातले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला स्वतः शिकून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबारातच तरुण कारागिरांना बसवून काम सुरू केले. राजाश्रय हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण येथे राणीनेच कुंचला हाती घेतला होता, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तोवर दरबारातील हे काम रुजले होते. सावंतवाडीच्या गंजिफांना अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

हॉटेलची कल्पना याच प्रयत्नाचा पुढचा टप्पा आहे. येथे येणाऱ्या पाहुण्याला अवतारांची चित्रे आणि त्यांच्या खुणा सजावटीत जागोजाग भेटतात, आणि पाहुण्यांच्या वर्दळीमुळे कारागिरांना गिऱ्हाईकही मिळते. तरीही गंजिफांचे चित्र भिंतीच्या आकाराला ताणले की त्यातील काहीतरी हरवते, हे नमूद करायला हवे. चितारी ज्या वर्तुळात काम करतो ते जेमतेम काही बोटांचे असते. देवाचे डोळे, मुकुट, आसन, सारे त्यात दाटीने बसवताना रेषेला जो नेमकेपणा येतो, तो मोठ्या आकारात सैलावतो. म्हणून खोलीत कितीही सुंदर सजावट असली, तरी पाहुण्याने दरबारात जाऊन कारागिराच्या हातातील पान जवळून पाहावे, आणि ते पाहिल्यावर मगच खोलीकडे परतावे.

तेथून चालत गेले की चितार आळी लागते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत फळे, भाज्या आणि खेळणी तेथील दुकानांत मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकांची गर्दीही त्यांनाच अधिक असते. गंजिफांचे गिऱ्हाईक वेगळे. पूर्ण संच घेणारा बहुधा संग्राहक असतो आणि तो पाने काचेमागे ठेवतो. तीन गडी जमवून, चाळीस-चाळीस पाने वाटून, एका दुपारी डाव मांडणारी माणसे आता फार थोडी आहेत, आणि कुंचल्याने जे वाचवता आले ते खेळाच्या बाबतीत अजून साधलेले नाही.