मोकळी आठ मिनिटं

[दृश्य: रिकामी खोली. टेबलावर सात ठोकळे, शेजारी काही मासिकं. एका भिंतीत एकाच बाजूने आरपार दिसणारी काच.]

निवेदन:

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातली ही खोली. एडवर्ड डेसी हा तरुण मानसशास्त्रज्ञ इथे एकेका विद्यार्थ्याला बोलावतो आणि हातात सोमा क्यूबचे तुकडे देतो. सात तुकडे जोडून कागदावरच्या आकृत्या तयार करायच्या. खेळ अवघड, पण गुंगवून टाकणारा. मध्येच काहीतरी निमित्त काढून तो खोलीबाहेर जातो. आठ मिनिटं विद्यार्थी एकटाच. मासिक चाळावं, नुसतं बसावं, हवं ते करावं.

काचेपलीकडून मात्र एक गोष्ट मोजली जात असते. आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटत असताना हा मुलगा आपणहून ठोकळ्यांना किती वेळ हात लावतो?

असं तीन वेळा बोलावलं जातं. दुसऱ्या वेळी निम्म्या मुलांना दर आकृतीमागे एक डॉलर मिळतो आणि तिसऱ्या वेळी तो बंद होतो. पैसे थांबल्यावर त्या मुलांचा मोकळ्या वेळातला खेळ पहिल्या दिवसापेक्षाही कमी झाला. ज्यांना कधीच काही दिलं नव्हतं, त्यांचा तसा कमी झाला नाही.

१९७१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि व्हायलाच हवे होते, कारण मुलं मोजकीच होती. पुढे १९९९ मध्ये डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. ‘हे कर, म्हणजे ते मिळेल’ असं आधीच ठरवून दिलेलं बक्षीस मुळातली आवड कमी करतं, हे तिथेही दिसलं. मनापासून केलेल्या कौतुकाने मात्र आवड वाढत होती.

याचा अर्थ पगार गौण आहे असा कोणी काढू नये. पगार पुरेसा आणि वेळेवर नसेल, तर प्रेरणेच्या गप्पा मारण्याचा हक्क कोणालाच नाही. प्रश्न पगारानंतरचा आहे. सकाळी लॅपटॉप उघडताना हात जड का होतात?

[दृश्य: लिफ्टमध्ये शेजारीशेजारी उभी माणसं. प्रत्येकाची नजर मजल्याच्या आकड्यावर.]

डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे कित्येक वर्षं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. माणसाला कामात तीन गोष्टी लागतात, असं ते म्हणतात: थोडंफार आपल्या मनाने करता यावं, आपल्याला हे जमतंय असं जाणवावं आणि आजूबाजूच्या माणसांत आपण परके नसावं. यातली पहिली गोष्ट सगळ्यात आधी काढून घेतली जाते. तीही चांगल्या नावांनी: शिस्त, प्रोसेस, ट्रॅकिंग.

ती गेल्यावर काय होतं, हे ब्रिटनमध्ये फार जवळून पाहिलं गेलंय. व्हाइटहॉल या नावाने ओळखले जाणारे दोन अभ्यास सरकारी नोकरांवर झाले. सगळे सरकारी ऑफिसांत काम करणारे, नोकरी पक्की. तरी पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरूनही बराचसा फरक तसाच उरला. दुसरा अभ्यास १९८५ मध्ये, दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना घेऊन सुरू झाला. त्यातून एक महत्त्वाचा धागा हाती लागला: आपल्या कामावर आपला ताबा किती? ज्यांचा ताबा कमी, त्यांच्या हृदयाला धोका जास्त.

म्हणून ‘माझं कामावरून मन उडालंय’ असं कोणी म्हणालं, की मला त्याला आळशी म्हणवत नाही. त्याच्याकडून काय काय काढून घेतलं गेलंय, हे आधी विचारावंसं वाटतं.

[दृश्य: रात्र. एकाच टेबलावर दिवा.]

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’ हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, जिथे तो स्वतः राबत होता, तिथे त्याने हे पाहिलं. कोळपून जाणारी माणसं कामचुकार नव्हती. जीव ओतून काम करणारीच आधी कोळपत होती. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या: विश्रांतीनेही न जाणारा थकवा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल येणारा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. मला यातली दुसरी खूण सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती लवकर ओळखू येत नाही. माणूस वेळेवर येतो, मेलला उत्तर देतो, मीटिंगमध्ये मान डोलावतो. त्याची आस्था तेवढी संपलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून ही अवस्था येते, असं म्हटलं. ‘कामाच्या ठिकाणच्या’ हे शब्द प्रत्येक मॅनेजरने दोनदा वाचावेत. कर्मचाऱ्याला ध्यानाचं ॲप द्यायचं आणि रात्री अकराचे मेसेज चालूच ठेवायचे, याला काळजी म्हणत नाहीत. आणि सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सुट्टीची वाट पाहू नका, डॉक्टरांना गाठा.

[दृश्य: रुग्णालयाचा लांब कॉरिडॉर. पुसून ओली झालेली फरशी.]

एमी झेस्निएव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांचं काम समजून घेतलं. काम एकच, वॉर्डही सारखेच. तरी काहींच्या लेखी ते फक्त फरशी पुसणं होतं, तर काही स्वतःला रुग्णाला बरं करणाऱ्यांपैकी एक मानत होते. अशीच एक बाई बेशुद्ध रुग्णांच्या विभागात झाडलोट करायची. खोल्यांच्या भिंतींवर चित्रं होती. ती अधूनमधून या खोलीतलं चित्र त्या खोलीत लावायची, न जाणो, त्या बदलाने कोणाला तरी जाग येईल म्हणून.

तिच्या कामाच्या यादीत हे नव्हतं. काचेपलीकडून कोणी मोजतही नव्हतं.

[दृश्य: भिंतीवरची रिकामी चौकट. दोन हात तिथे चित्र टांगतात.]