बेलाच्या पानात दडलंय काय?

बेलाचं एक पान घ्या आणि उन्हाकडे धरून बघा. बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतायत ना, त्या तेलाच्या पिशव्या, पान चुरगळलं की त्या फुटतात आणि तो वास येतो. लिंबू, कढीपत्ता आणि बेल हे सगळे एकाच कुळातले.

आपण सोलापुरात आहोत, सिद्धेश्वर मंदिराबाहेर. श्रावणी सोमवारी इथं बेलाचे नुसते ढीग लागतात. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याला मारेडू म्हणतात.

पानं पाण्यात उकळून ती वाफ थंड केली की वर थोडंसं तेल तरंगतं, त्यात बऱ्याचदा लिमोनीन भरपूर सापडतं, संत्र्याच्या सालीत असतं तेच. पण अर्क म्हणजे हे तेल नव्हे. पाण्यात काढला तर टॅनिन म्हणजे तुरट चवीची रसायनं जास्त उतरतात, अल्कोहोलमध्ये काढला तर दुसरीच रसायनं वर येतात. त्यामुळं बाटलीवर नुसतं 'बेल अर्क' लिहिलेलं असेल तर पानाचा, फळाचा की मुळाचा, एवढं तरी विचाराच. कारण कच्च्या फळाचा वाळवलेला गर जुलाबावर देतात आणि तेच फळ पिकलं की पोट साफ करतं, आणि मूळ तर दशमुळात, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या औषधात जातं!

पानांच्या अर्कानं उंदरांच्या रक्तातली साखर कमी झालेली प्रयोगांत दिसलीय. पण उंदीर म्हणजे माणूस नाही.

पानात एजिलीन नावाचं एक रसायन असतं. २०१३ साली अमेरिकेत वजन कमी करायच्या एका सप्लिमेंटमध्ये कारखान्यात बनवलेलं एजिलीन होतं, ते घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या, विशेषतः हवाई बेटांवरच्या लोकांच्या लिव्हरला सूज आली, काहींचं तर लिव्हर बदलावं लागलं आणि शेवटी तो माल बाजारातून परत घेतला गेला. दोष एजिलीनचाच होता का यावर अजून वाद आहे, पण मला विचाराल तर देवाला वाहिलेलं पान चावणं वेगळं आणि त्यातलं एकच रसायन काढून रोज कॅप्सूलमधनं पोटात टाकणं वेगळं.

इथंच एक मावशी भेटल्या, शुगरची गोळी चालू आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी पाच पानं पण चावतात. डॉक्टरांना सांगितलंय का, विचारलं. "पानाचं काय सांगायचं बाळा?" म्हणाल्या. म्हटलं, सांगा मावशी, दोन्हीनं मिळून साखर जास्त खाली गेली तर चक्कर येईल, घाम फुटेल. मग पिशवीतनं दवाखान्याची फाईल काढली आणि म्हणाल्या, "मंगळवारी जायचंय, तू यावर लिहूनच दे."