आधी गार, मग गाडी

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजच्या पोरापोरींकडून ताकदीचा आणि दमसासाचा सराव करून घेणाऱ्या कोचमंडळींशी आज बोलायचंय. ज्यांची मुलं खेळतात त्या आईवडिलांनीही ऐकावं.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू? पण मैदानावर उष्माघात होतो तेव्हा पहिली अडचण अशी, की तो ओळखू येत नाही. पोरगं घामाघूम असतं, म्हणून वाटतं नुसतं दमलंय. प्रत्यक्षात अंगातली उष्णता 40 अंशांच्या वर गेलेली असते आणि मेंदू बिघडायला लागलेला असतो. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, उगाच चिडणं ही खरी खूण. अशा वेळी काय करायचं? 108 ला फोन लगेच करायचा, पण आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. परत सांगतो, आधी गार, मग गाडी.

हे मी एका माळ्याकडून शिकलो. एप्रिल संपत आलेला, दुपारचे चार. एका कॉलेजच्या मैदानावर कबड्डीच्या पोरांचा सराव चालला होता आणि मी ओळखीच्या एका पोराला भेटायला गेलो होतो. दोघं उशिरा आले म्हणून कोचनी सगळ्यांनाच जादा फेऱ्या मारायला लावल्या. (शिक्षा म्हणून पळवणं हा प्रकार बंदच व्हायला हवा. तालमीतले जुने वस्ताद रागावायचे, कान धरायचे, पण दमलेल्या पोराला आखाड्यातून बाहेर बसवायचे. तालमी ओस पडल्या आणि ती नजरही गेली.) शेवटच्या फेरीत एक पोरगं भलतीकडेच चालायला लागलं. हाक मारली तर शिवी दिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारं पोर! कोच म्हणाले, ‘‘नाटक करतोय.’’ तेवढ्यात ते आडवं झालं.

मग एकच गोंधळ. कुणी रिक्षा बघतंय, कुणी कांदा आणायला पळतंय, कुणी त्याच्या तोंडात पाणी ओततंय. तेवढ्यात झाडांना पाणी घालणारे मामा पाइप टाकून आले. वडील जुन्या गिरणीत बॉयलरवर होते त्यांचे. पोराच्या मानेला हात लावला आणि ओरडले, ‘‘तोंडात पाणी घालू नका, ठसका लागंल! पोरगं तापलंय. गाडी येईल तवा येईल, हौदात घाला त्याला. आमच्या बापाच्या खात्यात माणूस पडलं की असंच करायचे!’’ चौघांनी उचललं, बागेच्या हौदात मानेपर्यंत बुडवलं. मामांनी डोकं वर धरलं. समोरच्या रसवंतीवाल्यानं न विचारता बर्फाची लादी पोत्यात फोडून आणली. मामा सारखे सांगत होते, ‘‘पाणी हलवा, पाणी हलवत राहा.’’ पाव तास गेला असेल. पोरगं कुडकुडायला लागलं, डोळे उघडले आणि म्हणालं, ‘‘मामा, मी हिथं कसा?’’ 108 आली ती त्यानंतर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तसंच रिक्षात घालून आणलं असतं तर हाती लागला नसता.

मामांना कुणी शिकवलं नव्हतं, पण आज अमेरिकेतल्या कॉलेजांमध्येही हाच नियम आहे. अर्ध्या तासाच्या आत अंग 39 अंशांच्या आसपास आणायचं, त्यासाठी बर्फाच्या पाण्याचं टब सरावाआधीच भरून ठेवायचं. मेरीलँड विद्यापीठात 2018 साली सरावात एका 19 वर्षांच्या फुटबॉलपटूला उष्माघात झाला. त्याला बर्फाच्या पाण्यात घातलंच नाही. दोन आठवड्यांनी तो गेला.

दुसरा धोका सुट्टीनंतरचा. आयोवा विद्यापीठात जानेवारी 2011 मध्ये, सुट्टीवरून परतलेल्या फुटबॉलपटूंकडून खांद्यावर वजन देऊन 100 बैठका मारून घेतल्या. 13 जण दवाखान्यात. स्नायू फुटतात, त्यातला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर येतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते. ही खूण मुलांना लाज न बाळगता सांगून ठेवा. मुलींनाही. म्हणून तिकडच्या कोचांच्या संघटनांनी 2019 मध्ये नव्या खेळाडूंसाठी ठरवलं, की पहिल्या आठवड्यात सराव 50 टक्क्यांनी कमी, मग 30, मग 20, मग 10. सुट्टीवरून परतलेल्यांचाही पहिला आठवडा निम्माच, म्हणून दिवाळीनंतर आपल्याकडंही तसंच. निम्माच, बरं का.

उन्हाची सवय व्हायलाही एक ते दोन आठवडे लागतात. आणि मैदानाकडेची कडुनिंबं तोडून पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, सावली ठेवा हो.

कोचसाहेब, उद्या सरावाआधी एवढं बघा. हौद किंवा टब भरलंय का, बर्फ कुठून येणार, 108 ला फोन कोण करणार. आणि मागच्या फाटकाची किल्ली कुणाकडं आहे, ते चारचौघांना माहीत असू द्या. गाडी आली आणि कुलूप लागलेलं, असं व्हायला नको.