बिहीच्या झाडावरचं ऊन

माद्रिदमधलं हे घर. दुरुस्तीचं काम चालू आहे. मागच्या अंगणात चित्रकार अंतोनियो लोपेस गार्सिया यांचं बिहीचं झाड. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा मिळतो, तो याच फळाचा.

सप्टेंबर १९९० च्या अखेरीस लोपेस या झाडाचं चित्र काढायला उभे राहिले आणि दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसे यांनी कॅमेरा लावला. त्यातून झालेला स्पॅनिश चित्रपट म्हणजे ‘एल सोल देल मेंब्रियो’, म्हणजे बिहीच्या झाडावरचं ऊन.

लोपेस यांच्या हातांकडे बघा. आधी जमिनीत खिळे ठोकले. बुटांची टोकं रोज तिथेच टेकवायची, म्हणजे नजरेची जागा हलणार नाही. मग दोरी ताणली, ओळंबा सोडला, गवंडी भिंतीला लावतो तोच. आता ब्रश उचललाय, आणि तो थेट फळाला लागतोय. पिवळ्या सालीवर पांढरी आडवी खूण. पानांवरही तशाच. फळ पिकतं, जड होतं, फांदी वाकते, खूण खाली उतरते. लोपेस नवी खूण करतात. तो बोटभर फरक आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत एरिसे थांबतात. या चित्रपटाचं मोठेपण मला या थांबण्यात दिसतं.

ऊन मात्र खुणेत सापडत नाही. शेंड्यावर थोडा वेळ येतं, ढग आले की तेवढंही नाही. पाऊस लागला, तेव्हा झाडावर प्लास्टिकचा मांडव घातला. शेवटी तैलचित्र अर्धवट ठेवून त्यांनी पेन्सिल घेतली. उन्हावर पाणी सोडलं, आकार तरी हाती लागू दे म्हणून.

हे एन्रिके ग्रान, विद्यार्थिदशेपासूनचे मित्र, तेही चित्रकार. लोंबणारं पान काठीने वर उचलून धरलंय आणि दोघं जुनं गाणं म्हणतायत. घरात पोलंडहून आलेले मजूर खपतायत, रेडिओवर आखातातल्या बातम्या. यातल्या कशालाच कथानक म्हणता येणार नाही, पण यातलं काही कापावं असंही वाटत नाही.

डिसेंबरात फळं गळली. रेखाचित्रही तिथेच थांबलं. हे पुढचं दृश्य नीट पाहा: रात्र, दिव्याचा उजेड, आणि जमिनीवरच्या कुजत्या फळांसमोर एकटा कॅमेरा. चित्रकाराचं काम आता त्याने हाती घेतलंय.

निर्मिती मारिया मोरेनो यांची. त्या स्वतः चित्रकार, लोपेस यांच्या पत्नी. १९९२ मध्ये कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं, समीक्षकांचंही. एरिसे यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला तो थेट २०२३ मध्ये. ‘एल सोल देल मेंब्रियो’ साधारण सव्वादोन तासांचा आहे. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी नको, एका बैठकीत बघा.