लाल लघवी, आणि दुखणं काहीच नाही

नमस्कार मंडळी, आज जरा आडबाजूच्या आजारावर बोलूया, मूत्रवाहिनीचा कॅन्सर. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून लघवी मूत्राशयात आणणारी नळी, 25 ते 30 सेंटीमीटर लांब आणि स्ट्रॉपेक्षाही बारीक. मूत्राशयाच्या कॅन्सरचंच हे भावंड, पण या जातीचे 100 पेशंट घेतले तर किडनीच्या आतला भाग आणि ही नळी धरून पाच-दहाच निघतात, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझ्याकडे एक काका आले होते, एसटीतून रिटायर झालेले, बिडी चाळीस वर्षं. लघवी कोकम सरबतासारखी झाली, दुखणं शून्य, आणि दोन दिवसांत आपोआप साफ! मग उष्णता म्हणून सब्जा, कुणी सांगितलं म्हणून पानफुटीची पानं, असं करत पाच महिने गेले. मुतखड्याची कळ आली असती तर त्याच रात्री धावत आले असते हो.

सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली पण खडा कुठेच नाही, तिथेच आमचे कान टवकारले. नळीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून सीटी युरोग्राफी केली, म्हणजे लघवीच्या मार्गाचा डाय देऊन काढलेला सीटी स्कॅन. डाय खाली येता येता एका जागी अडली. मग दुर्बिणीतून आत जाऊन तपासायला तुकडा काढला.

ऑपरेशन मोठं असतं. गाठ जोरदार असेल तर किडनी, अख्खी नळी आणि ती मूत्राशयाला जिथे जोडते तो तुकडाही काढतात, नुसती गाठ काढून भागत नाही. गाठ खालच्या टोकाला असेल तर तेवढाच भाग काढून नळी परत जोडता येते, आणि छोटी, सौम्य असेल तर लेसरने जाळून किडनी वाचवतात. एक गोम अशी की सिसप्लॅटिन या औषधाच्या केमोला चांगली किडनी लागते, आणि आपण तर एक काढलेली, म्हणून काहींना केमो ऑपरेशनच्या आधीच देतात. 2020 मध्ये ब्रिटनच्या पाऊट नावाच्या ट्रायलने दाखवलं की ऑपरेशननंतर 90 दिवसांत केमो सुरू केली तरी आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं.

आता सगळ्यांचा प्रश्न, वाचतो का माणूस? गाठ आतल्या अस्तरातच सापडली तर बहुतेक जण पाच वर्षं सहज ओलांडतात. पण नळीची भिंत पातळ, गाठीला बाहेर पडायला वेळ लागत नाही, आणि बाहेरच्या चरबीत गेली की पाच वर्षं गाठणारे निम्मे, कधी त्याहून कमी. काकांचे ते पाच महिने म्हणूनच मला अजून बोचतात.

त्यांची गाठ अस्तराच्या जरा खाली गेली होती, पण बरे आहेत. तिघांमागे एकाला तरी पुढे मूत्राशयात गाठ होते, त्यामुळे दुर्बीण तपासणीला येत राहावं लागतं, पहिली तिसऱ्या महिन्यात. काका दर वेळी कुरकुरतात, काकू फाइल काखोटीला मारून मागे उभ्या.