झाकलेला डोळा उघडल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. डोळे तपासताना आपण एक डोळा झाकतो आणि दुसऱ्याने तक्त्यावरची अक्षरं वाचतो. अँब्लिओपिया, म्हणजे ‘आळशी डोळा’, असणाऱ्याचा एक डोळा खालच्या ओळीपर्यंत सहज जातो. दुसरा योग्य चष्मा लावूनही वरच अडखळतो. पण दोन्ही डोळे उघडले की काय होतं? खरी मेख तिथे आहे, आणि तक्ता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लहानपणी तिरळेपणा असला, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला, की मेंदू एकाच डोळ्याचं ऐकू लागतो. दुसऱ्याचं चित्र दाबून टाकतो. ही दडपणूक मोजायची कशी?

चार दिव्यांची एक जुनी चाचणी आहे. एक दिवा लाल, दोन हिरवे, एक पांढरा. एका डोळ्यापुढे लाल काच, दुसऱ्यापुढे हिरवी. लाल काचेतून दोन दिवे दिसतात, हिरवीतून तीन. चार दिसले तर दोन्ही डोळे कामात आहेत. दोन किंवा तीनच दिसले, तर एक डोळा गप्प केला गेलाय. पण किती गप्प, ते कळत नाही.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिपके वापरले. अधू डोळ्याला एकाच दिशेने सरकणारे ठिपके दाखवायचे, चांगल्या डोळ्याला सैरावैरा धावणारे, आणि विचारायचं: ठिपके कुठे चाललेत? दोन्ही चित्रं सारखीच ठळक असली, तर सैरावैरा ठिपकेच बाजी मारतात. मग चांगल्या डोळ्याचं चित्र फिकं करत न्यायचं. एका टप्प्यावर दिशेचे ठिपके कुठल्याही डोळ्याला दाखवा, उत्तरं सारखीच येतात. तो समतोलाचा बिंदू. समजा, अधू डोळ्यापुढे पूर्ण ठळक चित्र आहे आणि तोल साधायला चांगल्या डोळ्याच्या चित्राचा ठळकपणा त्याच्या पाचव्या हिश्शावर आणावा लागला, तर असमतोल आकड्यात हाती आला.

मला यातली मोठी गोष्ट आकड्यापलीकडची वाटते: चित्र पुरेसं फिकं केलं, तर अनेकांच्या मेंदूत दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र येते. म्हणजे ती यंत्रणा शाबूत असते, दबलेली असते.

अर्थात, हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. बारीक नक्षी दाखवली तर असमतोल जास्त निघतो, ठसठशीत आकृत्यांना कमी. म्हणून दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणू नये. आणि समोर लहान मूल असेल, तर कंटाळून ते कुठलंही बटण दाबतं, हेही तपासणाऱ्याला धरून चालावं लागतं.